मराठीच्या वर्गात अर्थशास्त्र

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत मराठी विषय घेणाऱ्यांत शेतमजुरांची आणि सालदारांची मुलेही असतात. दलित आत्मकथनावर प्रश्न आला की 'दाहक', 'विदारक', 'वेदना', 'विद्रोह' हे ठरलेले शब्द उत्तरपत्रिकेत उतरतात. शब्द खोटे नाहीत. परंतु ती वेदना कोणत्या व्यवहारातून निपजली, हे त्यांतून कळत नाही. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राची मुळाक्षरे शिकवलीच पाहिजेत, असे आमचे मत आहे.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याचे शीर्षकच एका आर्थिक व्यवस्थेचे नाव आहे. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. ही मजुरी नव्हे. मजुरीत निदान काम ठरते, दर ठरतो, न पटल्यास काम सोडता येते. महाराच्या कामाला ना वेळेची मर्यादा, ना ठरलेला दर. हक्काचा वाटाही हात पसरून मागावा लागे. वतनाच्या तुकड्याने तो गावाला बांधलेला राही. ही गाठ सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक मांडले. कायद्याने वतन संपायला १९५८ उजाडावे लागले. हे ठाऊक नसलेल्या वाचकाच्या हाती 'बलुतं'मधले केवळ कारुण्य लागते.

आता घरचेच उदाहरण घ्या. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्यांच्या कवितेतली आखाजी माहेरवाशिणीची आहे, निंबाला बांधलेल्या झोक्याची आहे. पण खानदेशात परंपरेने सालदाराचे साल बदलते तेही आखाजीलाच. त्या दिवशी उचल ठरते. उचल हे कर्ज आहे आणि मजुरीही आहे. तिचे व्याज कुठे लिहिलेले नसते, ते वर्षभराच्या पडत्या दरात वसूल होते. एकाच सणाचे हे दोन अर्थ ज्याला दिसतील, त्याला ती कविता अधिक कळेल की कमी?

जमिनीचेही तसेच. लहान शेत म्हणजे दारिद्र्य, हे ग्रामीण कथेने गृहीतच धरलेले असते. बाबासाहेबांनी १९१८ च्या आपल्या निबंधात हे गृहीतक तपासले: शेत लहान की मोठे, हे त्यावर लागणाऱ्या भांडवलावर आणि श्रमावर ठरते. रावेर-यावलकडचा विहिरीच्या पाण्यावरचा केळीचा एकर आणि शिंदखेड्याकडचा कोरडवाहू एकर मोजणीत सारखे असतील, संसारात नाहीत. खुद्द बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. त्यांचा वारसा सांगणाऱ्या समीक्षेने हिशेबाची वही परकी मानावी, हे अजब आहे.

यावर आक्षेप येईल की अशाने साहित्याचा ताळेबंद होईल आणि जातीचा प्रश्न पोटाच्या प्रश्नात बुडेल. ही भीती अनाठायी नाही. केवळ मजुरी-नफ्याच्या भाषेत अस्पृश्यता मावत नाही. जात कामे वाटून थांबत नाही, ती राबणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवले. ज्याला धंदा बदलण्याची मुभा नाही, त्याच्यापुरता खुला बाजार खुला नसतोच. हे म्हणायलाही बाजार म्हणजे काय, हे आधी कळावे लागते.

यासाठी वेगळी पदवी नको. मजुरी, खंड, व्याज, किंमत, भांडवल एवढे पाच शब्द पुरेत. त्यांची उदाहरणे मुले घरूनच आणतील. मग कोणतीही कथा उघडावी आणि विचारावे: यात राबले कोण, दर कोणी ठरवला, आणि उरले ते कोणाच्या घरी गेले?