मीठ कमी, चरबी जास्त?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यातल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. समजा, अशी एखादी सेविका रक्तदाब वाढलेल्या आजोबांना लोणचे, पापड आणि भाकरीबरोबरचा खारट ठेचा कमी करायला सांगते आहे. तेवढ्यात नातू म्हणतो, "मीठ कमी केलं तर रक्तातली चरबी वाढते, मी वाचलंय." त्याला काय उत्तर द्यायचे? त्यासाठी हा दावा ज्या निबंधातून आला, तो तपासून पाहू.

डेन्मार्कमधील ग्राउडाल व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. मीठ घटवल्यावर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा वरचा दाब सुमारे ३.९ मिलिमीटरने उतरला, इतरांचा १.२ ने. मात्र रेनिन हे संप्रेरक ३.६ पट, अल्डोस्टेरॉन ३.२ पट झाले, कोलेस्टेरॉलही वाढले.

आकड्यांबद्दल आमची तक्रार नाही, त्यांच्या अर्थाबद्दल आहे. रक्तदाब नसलेल्यांच्या प्रयोगांत मीठ रोज सरासरी सुमारे ९ ग्रॅमने घटवले होते, तेही बहुधा थोड्याच दिवसांसाठी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण ५ ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते, हे लक्षात घ्या. मीठ एकदम इतके घटले की मूत्रपिंडे रेनिन सोडतात, त्यामुळे अल्डोस्टेरॉन वाढते आणि शरीर मीठ राखून ठेवते. हा बिघाड नव्हे, बचाव आहे. शिवाय मिठाबरोबर पाणीही जाते आणि रक्तातील द्रव कमी होतो. आमटी आटली की तिखट लागते, पण मिरची वाढलेली नसते. चरबीचेही काही अंशी तसेच होत असावे.

लंडनमधील मॅकग्रेगर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये निदान चार आठवडे चाललेले ३४ प्रयोगच निवडले. त्यांत मीठ सरासरी ४.४ ग्रॅमने कमी होते. संप्रेरके किंचित वाढली. चरबीत लक्षणीय फरक पडला नाही, आणि रक्तदाब मात्र उतरला.

ग्राउडाल यांचे एक म्हणणे आम्हाला मान्य आहे : रक्तदाब नसलेल्याला होणारा फायदा लहान असतो. पण आजोबांचा रक्तदाब वाढलेला आहे. सेविकेचा सल्ला बरोबरच आहे. नातवाला वर्गात एवढेच शिकवावे : 'वाढते' असे वाचले की विचारायचे, किती घटवल्यावर, किती दिवसांत आणि कोणाचे?