परका मेद : वऱ्हाडी तुपाच्या निमित्ताने एका व्याख्येची चिकित्सा

दुधातील परका मेद ओळखण्याच्या ज्या रासायनिक कसोट्या भारतात दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेल्या, त्यांचा विचार केवळ रसायनशास्त्राचा विषय म्हणून होत आला आहे. तो तसा आहेच. परंतु या कसोट्यांच्या मुळाशी 'परका' ह्या विशेषणाचा एक विशिष्ट अर्थ गृहीत धरलेला आहे, आणि तो अर्थ अमरावती-अकोल्याच्या मुलखात येऊन अडखळतो. म्हणून त्याची चिकित्सा भाषेच्या अंगानेही होणे आवश्यक आहे.

लॅक्टोमीटर दुधाची घनता सांगतो. गर्बर पद्धती मेदाचे प्रमाण सांगते. तो मेद कोणाचा, हे दोहोंपैकी एकही सांगत नाही. साय काढलेल्या दुधात तेल घोटून मिसळले, तर गर्बरच्या नळीत तेही मेद म्हणूनच वर येते. यासाठी मेद वेगळा काढून त्याचा स्वभाव तपासावा लागतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुग्धमेदात ब्युटिरिक आम्लासारखी लघुशृंखल मेदाम्ले असतात. बहुतेक खाद्यतेलांत ती नसतात. पाच ग्रॅम मेदातून निघणाऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या बाष्पनशील आम्लांचे मोजमाप म्हणजे राइशर्ट-माइसल मूल्य. त्याच्या जोडीला 40 अंश सेल्सिअसला घेतलेले ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन असते. तेल मिसळले की पहिला आकडा उतरतो आणि दुसरा चढतो.

नेमकी हीच उतरण आणि चढण वऱ्हाडातील निर्भेळ तुपातही दिसते. येथे गायीम्हशींना सरकी आणि सरकीची ढेप घालण्याची जुनी वहिवाट आहे. (देशावर जिला पेंड म्हणतात तीच ही ढेप.) सरकीत सुमारे 18 ते 20 टक्के तेल असते. ते पोटात गेले की कासेत नव्याने घडणाऱ्या लघुशृंखल आम्लांचे प्रमाण घटते आणि दीर्घशृंखल आम्लांचे वाढते. तेव्हा एलिचपुरी म्हशीचे शुद्ध तूप सर्वसाधारण मापाने मोजले, तर ते भेसळीचे ठरू शकते. ज्याने एक थेंबही तेल ओतले नाही, त्याच्यावर खटला उभा राहण्याची ही गोष्ट आहे.

कायद्याने ही अडचण ओळखली होती. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाखालील 1955 च्या नियमांत तुपाची मानके प्रदेशवार दिली जात. महाराष्ट्रासाठी सर्वसाधारण क्षेत्रात राइशर्ट मूल्य किमान 26 आणि वाचन 40 ते 43, तर कापूस-पट्ट्यात मूल्य किमान 21 आणि वाचन 41.5 ते 45, असा भेद होता. (नियम झाले तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होते, 1956 साली ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1960 साली महाराष्ट्रात.) कापूस-पट्टा म्हणजे जेथे गुरांना सरकी मोठ्या प्रमाणावर चारली जाते आणि राज्य शासनाने जो तसा अधिसूचित केला आहे असा प्रदेश, अशी व्याख्या करण्यात आली.

ही व्याख्या सद्‌हेतूची असली, तरी तिची रचना सदोष आहे. तिच्यात दोन अटी आहेत आणि त्या भिन्न जातीच्या आहेत. पहिली गोठ्यातील वस्तुस्थितीची, दुसरी दप्तरातील नोंदीची. पहिलीत 'मोठ्या प्रमाणावर' हा शब्दप्रयोग मोजमापाविना सोडून दिला आहे. दुसरी त्याला नकाशावरची रेषा देऊन निश्चित करू पाहते. परंतु रेषा जमिनीवर पडते आणि गुण चाऱ्यातून येतो. वऱ्हाडची सरकी मालमोटारीने दूर गेली, तर पट्ट्याबाहेरच्या म्हशीचे तूपही वऱ्हाडी गुणाचे होईल. उलट, वऱ्हाडात कापसाच्या शेतात सोयाबीन आले आणि गव्हाणीतील खुराक बदलला, तर पट्ट्यातील तूप आपला विशेष सोडील. सोयाबीनचा हा बदल गेल्या काही दशकांत पुष्कळ ठिकाणी घडला आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. सवलत प्रामाणिकाला मिळते तशी लबाडालाही मिळते. ज्याचे राइशर्ट मूल्य 30 आहे अशा तुपात चौथा हिस्सा शून्य मूल्याचा मेद मिसळला, तर मिश्रणाचे मूल्य 22.5 होते, ते पट्ट्याच्या मानकात सहज बसते. वनस्पती तुपात कायद्याने तिळाचे तेल घालावे लागे, त्यामुळे बोदुआँ कसोटीच्या तांबड्या रंगाने ते उघडे पडे. चरबीत तीळ नसतो.

मग वऱ्हाडी तुपातील सरकी परकी म्हणावी की आपली? भाषेच्या अभ्यासकाला येथे तत्सम आणि तद्‌भव हा भेद आठवल्यावाचून राहत नाही. ओतलेले तेल जसेच्या तसे राहते; चारलेले तेल जनावराच्या देहातून रूपांतर पावून येते. तुलना फार ताणू नये हे खरे, पण हाल्फेन कसोटी तिला अनपेक्षित आधार देते. सरकीच्या तेलातील सायक्लोप्रोपीनयुक्त आम्लांमुळे या कसोटीत तांबडा रंग येतो, आणि सरकी खाल्लेल्या जनावराच्या तुपातही तो येतो. रूपांतरातून मूळचा एक वर्ण शिल्लक राहावा तसे हे आहे. म्हणून हाल्फेनचा रंग एकटा पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतो. उलट, हायड्रोजनीकरणाने ती आम्ले नष्ट होत असल्यामुळे सरकीपासून केलेले वनस्पती तूप ह्या कसोटीतून निसटते. शुद्धाला दोष लागावा आणि अशुद्ध सुटावे, असा हा प्रकार आहे.

ह्या सर्व कसोट्यांत खरा विवेक वनस्पती-स्टेरॉलच्या परीक्षेत आहे. वनस्पतींचे स्टेरॉल चाऱ्यातून दुग्धमेदात जवळजवळ उतरत नाहीत. तेथे मुख्यतः कोलेस्टेरॉलच असते. त्यामुळे बीटा-सिटोस्टेरॉल लक्षणीय प्रमाणात सापडले, तर ते तेल गव्हाणीतून नव्हे, डब्यातून आले असे ठामपणे म्हणता येते. येथे 'परका' ह्या शब्दाला प्रथमच प्रदेशनिरपेक्ष अर्थ मिळतो. प्राण्याची चरबी मात्र ह्या परीक्षेतही सापडत नाही, कारण तिचेही स्टेरॉल कोलेस्टेरॉलच होय. तिच्यासाठी वायु-वर्णलेखनाने ट्रायग्लिसराइडांचे विश्लेषण करावे लागते. 2010 चे आंतरराष्ट्रीय मानक ह्याच पद्धतीचे आहे, आणि वनस्पती तेल अतिशय मोठ्या प्रमाणात चारलेल्या गायींचे दूध त्या मानकानेही आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे.