पायांचे बळ आणि दुखापतीचे भाकीत

फुटबॉलपटूच्या मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत होईल की नाही, हे हंगामाआधीच सांगता येईल काय? बेल्जियममधील क्रुआझिए व सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासाने ही आशा वाढवली. पाय यंत्राच्या दांड्याला बांधून, ठरावीक वेगाने हलवायला लावून त्यांनी स्नायूंचे बळ मोजले. पुढे ४६२ व्यावसायिक खेळाडूंत ३५ दुखापती नोंदल्या गेल्या. असमतोल तसाच राहिलेल्यांना धोका चार ते पाच पट होता. व्यायामाने तो दूर केलेल्यांत बराच कमी.

अभ्यास मोलाचा आहे; मात्र त्यावरून भाकीत करणे चूक आहे. असमतोल असलेले बहुसंख्य खेळाडूही हंगामभर धडधाकटच राहिले. कतारमधील ६१४ खेळाडूंच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९० जणांना दुखापत झाली. पण त्यांच्या व इतरांच्या बळातील फरक अगदी थोडा निघाला. शिवाय बसून लावलेला जोर आणि धावताना लागणारा जोर एक नव्हे.

तेव्हा ही मोजणी व्यायाम ठरवण्यासाठी वापरावी, खेळाडूला संघाबाहेर काढण्यासाठी नव्हे. गटाच्या सरासरीवरून एका व्यक्तीचे काय होईल हे ठरत नाही, हे वर्गात समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल.