विंगेतून दिसणारी रंगभूमी

मराठी रंगभूमीने कोणाला कधी आत घेतलं, हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुष करत होते. पुढे 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’त त्या स्त्रियांकडे सोपवल्या. दत्ता भगतांचं ‘वाटा पळवाटा’, प्रेमानंद गज्वींचं ‘किरवंत’ यांनी जातीचा प्रश्न थेट रंगमंचावर आणला. 2012 मध्ये राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं आणि जालन्याकडच्या कलावंतांनी आपल्या बोलीसकट शहरी नाट्यगृहं भरून टाकली. विषयांच्या बाबतीत आपली रंगभूमी नक्कीच मोठी झाली आहे.

विंगेत उभं राहून प्रयोग चालवणाऱ्या माझ्यासारख्या व्यवस्थापकाला मात्र दुसरी बाजू रोज दिसते. वंचितांची गोष्ट रंगमंचावर लवकर येते. त्यांना काम करता येईल अशी व्यवस्था फार उशिरा येते.

तालमींचंच घ्या. व्यावसायिक नाटकाची तालीम महिना-दीड महिना चालते आणि नवोदिताच्या हाती पैसे येतात ते बहुधा प्रयोग सुरू झाल्यावर. तोवर मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय? ज्याचं घर शहरात आहे, तोच टिकतो. गडचिरोलीच्या मुलाला कोणी नाही म्हटलेलं नसतं, तरी तो निवडीपर्यंत पोचतच नाही. त्याच गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात भाताची कापणी झाली की झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात, वडशात नाट्यमंडळ्यांची कार्यालयं गजबजतात. तिथे कसलेले नट आहेत, गायक आहेत, ऑर्गनवादक आहेत. मुख्य प्रवाहाच्या तालमीच्या खोलीत ते क्वचितच दिसतात.

पडद्यामागे तर हे अधिक ठळक आहे. सेट लावणारा, कपडेपट सांभाळणारा माणूस नाइटवर जगतो. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत याची झळ किती खोल असते ते सगळ्यांनी पाहिलं. प्रकाशयोजना आणि नेपथ्याच्या उभारणीत स्त्रिया अजून तुरळकच आहेत. त्याचं कारण म्हणून ताकदीचा मुद्दा पुढे केला जातो. खरी अडचण असते ती मध्यरात्री सेट उतरवल्यावर घरी सुखरूप जाण्याची, आणि दौऱ्यावर स्वच्छतागृह धड नसण्याची.

अपंग कलावंतांचंही तेच. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ उभं केलं. अशा प्रयोगात मंचावरची वस्तू वीतभर सरकली तरी नटाचा अंदाज चुकतो. म्हणून नेपथ्याच्या खुणांची अचूकता ही तिथे नटाच्या स्वातंत्र्याची अट असते. हे काम व्यवस्थापकाचं आहे आणि ते जमण्यासारखं आहे. पण बऱ्याच नाट्यगृहांत उतार फक्त प्रेक्षागृहाच्या दारापर्यंत असतो. रंगपटातून मंचावर जायला पायऱ्याच. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने नाटक पाहावं, करू नये, असंच ही रचना सांगते.

म्हणून सर्वसमावेशकतेचा निकाल जाहिरातीतल्या चेहऱ्यांवरून लावू नये. निर्मितीच्या अंदाजपत्रकात तालमीच्या दिवसांचं मानधन आहे का, बाहेरगावच्या कलावंताच्या निवासाची सोय आहे का, रात्रीच्या गाडीचा खर्च धरला आहे का, हे आधी विचारावं. नाट्यगृहाचं नूतनीकरण करताना मंचापर्यंत उतार मागावा. निर्मात्यांनी, नाट्यपरिषदेने आणि महापालिकांनी एवढं केलं, तर गुणी माणसं दाराशी अडणार नाहीत, आणि आपल्या नाटकांत आज न ऐकू येणारे आवाज स्वतःच्या हक्काने बोलू लागतील.