परक्या भाषेतले सांत्वन

दिवाळीच्या अंकात दुखवट्याच्या पत्रांविषयी लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण दर दिवाळीत आपल्या आळीत एखादे तरी दार असे असतेच की, जेथे यंदा आकाशकंदील लागलेला नसतो. त्या दारावरून जाताना आपली पावले मंदावतात. आत जाऊन बोलावे काय, ते सुचत नाही. मराठीत ही अडचण निदान रीतीने सोडवून ठेवली आहे. शेजारीण पिठलं-भाताचे पातेले मुकाट्याने नेऊन ठेवते. भेटायला आलेला माणूस घटकाभर बसतो आणि उठताना ‘येतो’ म्हणत नाही. फारसे बोलावे लागत नाही, हाच त्या रीतीचा मोठेपणा. पण तेच दुःख इंग्रजीतून, आणि तेही कागदावर, व्यक्त करायचे झाले की भल्याभल्यांची तारांबळ उडते.

माझीही उडाली. मुंबईच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलाशी वीस वर्षे बसलेले एक तमिळ स्नेही निवृत्तीनंतर कोइमतूरला जाऊन राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी वारल्या. आम्हां दोघांची समान भाषा इंग्रजी. मी पत्रलेखनाचे एक जुने पुस्तक काढले, त्यातला नमुना सुवाच्य अक्षरात उतरवला आणि सौभाग्यवतींना वाचून दाखवला. ती म्हणाली, “छान आहे हो. पण हे कुणाच्याही बायकोला चालेल.”

पत्र तसेच टपालात पडले. उत्तर आले नाही. तेव्हापासून मी इंग्रजी सांत्वनपत्रांकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

शब्दांचा दोष म्हणावा, तर तसे नाही. ‘कंडोलन्स’ लॅटिनातून आला आणि ‘सिंपथी’ ग्रीकमधून. दोहोंचा मूळ अर्थ ‘बरोबरीने दुःख भोगणे’ असाच. आपल्या ‘सहानुभूती’तला ‘सह’ही तोच. आपण अडखळतो तो ‘सॉरी’पाशी. धक्का लागला तरी सॉरी आणि माणूस गेले तरी सॉरी! एखादे मराठी पोर सहज विचारील, “तुमची काय चूक, तुम्ही का सॉरी म्हणता?” पण कोश उघडला तर दिसते की, हा शब्द ‘सोअर’ म्हणजे दुखऱ्या, ठणकणाऱ्या जागेच्या कुळातला आहे; माफीचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. म्हणजे ‘मलाही दुखते आहे’ एवढेच तो म्हणतो. शब्द खरा आहे. घासून गुळगुळीत झाला आहे, इतकेच. आज मोबाइलवर ‘आर.आय.पी.’ ही तीन अक्षरे उमटवून आपण मोकळे होतो, तेव्हा तर घासायलाही काही उरत नाही.

मग चांगले इंग्रजी सांत्वन कसे असते? या प्रांतात सर्वांत गाजलेले पत्र अब्राहम लिंकनच्या नावावर आहे. 21 नोव्हेंबर 1864 चे ते पत्र बॉस्टनच्या मिसेस बिक्सबी या विधवेला लिहिलेले. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिचे पाच मुलगे पडले, असे सरकारी कागद सांगत होते. पत्र लगेच वृत्तपत्रात छापले गेले. पुढे 1998 साली ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या चित्रपटातही ते वाचून दाखवले गेले. भाषा भव्य, लय प्रार्थनेसारखी. परंतु पुढे निष्पन्न झाले की, पाचांपैकी दोघेच लढाईत पडले होते. मूळ कागद आजवर सापडलेला नाही. आणि पत्र लिंकनचे की त्याचा चिटणीस जॉन हे याचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

मला विशेष वाटते ते निराळेच. या पत्रात एकाही मुलाचे नाव नाही, आईचा चेहरा नाही. राष्ट्र एका मातेला मानवंदना देते आहे. सभेत उभे राहून वाचावे असे ते पत्र आहे, आणि त्या जागी ते शोभतेही. पण ते कोणत्याही वीरमातेला चालेल.

याच्या शेजारी लिंकनचेच दुसरे पत्र ठेवून पाहा. 5 डिसेंबर 1862 रोजी विल्यम मॅक्युलो हा अधिकारी मिसिसिपीत मारला गेला. इलिनॉयमध्ये वकिली करीत लिंकन गावोगावची न्यायालये फिरत असे. त्यांपैकी एका न्यायालयाचा हा कारकून, त्याच्या चांगल्या ओळखीचा. त्याची तरुण मुलगी फॅनी दुःखाने पार खचली होती. 23 डिसेंबरला, फ्रेडरिक्सबर्गच्या भीषण पराभवाला पुरते दोन आठवडेही झाले नसताना, राष्ट्राध्यक्षाने तिला पत्र लिहिले.

त्यात देश नाही, झेंडा नाही, हौतात्म्य नाही. तरुणांना दुःख बेसावध गाठते म्हणून ते अधिक जाळते, असे तो सांगतो. काळाखेरीज यावर उतारा नाही, हे तो लपवीत नाही. पुन्हा कधी बरे वाटेल यावर आज तुझा विश्वास बसणार नाही, असे म्हणून तो थांबतो आणि तिलाच विचारतो, असेच वाटते ना? मोठी माणसे दुःखितांना उपदेश करतात. प्रश्न विचारीत नाहीत. तो प्रश्न विचारतो आणि मगच ठामपणे म्हणतो की, हे वाटणे चुकीचे आहे. मला हे अनुभवाने ठाऊक आहे.

तो अनुभव कोणता, हे मात्र तो सांगत नाही. नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत अकरा वर्षांचा विली, त्याचा मुलगा, व्हाइट हाउसमध्येच वारला होता. एवढे सारे एका शब्दाआड ठेवून तो फॅनीच्या आईला नमस्कार कळवतो आणि पत्र संपवतो. माझ्या मते सांत्वनाच्या इंग्रजीची उंची इथे आहे. घटकाभर शेजारी बसून ‘येतो’ न म्हणता उठणाऱ्या आपल्या माणसाची जात या पत्राची आहे.

हे पत्र वाचून झाल्यावर मी सौभाग्यवतींना म्हटले, “पुन्हा लिहू का?” ती म्हणाली, “लिहा की. अहो, बाळूच्या टायफॉइडचे कसे विसरलात तुम्ही? अकरा दिवस त्या रसम घेऊन येत होत्या. तुम्ही कचेरीत असायचात.”

मी तेवढेच लिहिले. इंग्रजी साधेच होते. एक-दोन ठिकाणी व्याकरणही चुकले असेल.

आठव्या दिवशी कोइमतूरहून उत्तर आले. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते की, हे मला ठाऊकच नव्हते. ती कधी बोलली नाही. आणि खाली एक प्रश्न होता : तुमच्या पत्नीला विचारा, ती रसम कोणत्या डब्यातून आणीत असे? डबे सगळे अजून घरात आहेत.