नियमांची यादी आणि घरातला एकच फोन : शालेय सायबर सुरक्षा शिक्षणाची एक चिकित्सा

शालेय विद्यार्थ्यांना सायबर सुरक्षेची तोंडओळख करून द्यावी, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. प्रश्न उरतो तो काय शिकवावे आणि कोणत्या मुलाला समोर ठेवून शिकवावे, याचा. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१८ मध्ये किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेची एक पुस्तिका काढली. आमच्या सीमाभागातील शाळांत या विषयावर व्याख्यानाला येणारे पाहुणे बहुधा तिच्याच धाटणीने बोलतात : धोक्याचे नाव, थोडे वर्णन आणि मग ‘हे करा, हे करू नका’. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा असल्यामुळे तांत्रिक अधिकार सांगण्याचा हेतू येथे नाही. परंतु संगणक विभागातील सहकाऱ्यांबरोबर आठवी-नववीच्या सुट्टीतील वर्गांना बसताना जे दिसले, त्यावरून या पद्धतीची चिकित्सा करावीशी वाटते.

पुस्तिकेचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. अनोळखी माणूस गोड बोलून, वय लपवून मुलांना कसा जाळ्यात ओढतो, हा विषय तिने उघडपणे मांडला. आपल्या वर्गांत शिक्षक तो टाळतात. सरकारी पुस्तिका हाती असली की बोलायला आधार मिळतो. हे काम लहान नाही.

अडचण आहे ती पुस्तिकेने गृहीत धरलेल्या मुलाची. या मुलाकडे स्वतःचा फोन आहे, स्वतःचे खाते आहे आणि ऐकून घेणारे पालक आहेत. आमच्या उर्दू आणि मराठी माध्यमाच्या कितीतरी घरांत फोन एकच असतो. तो सकाळी वडिलांच्या खिशात, दुपारी आईजवळ आणि रात्री मोठ्या भावाकडे असतो. ‘पासवर्ड कोणालाही सांगू नका’ हे वाक्य फळ्यावर लिहिल्यावर एका मुलीने विचारले, “सर, मग भाईजानना फोन उघडता कसा येणार?” वर्ग हसला. पण प्रश्न चोख होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. फोनचे कुलूप आणि फोनच्या आतल्या प्रत्येक खात्याचे कुलूप वेगवेगळे असू शकते, एवढे तरी तेव्हा सांगायला हवे होते. ते आम्ही पुढच्या वर्षी सांगू लागलो.

‘त्रास झाला तर घरच्यांना सांगा’ हा सल्लाही असाच. तो योग्यच आहे. पण सांगितल्याबरोबर फोन काढून घेतला जाईल, कदाचित शिकवणीही बंद होईल, ही भीती मुलींच्या मनात असते आणि ती निराधार नसते. म्हणून त्यांना दुसऱ्या वाटाही ठाऊक असल्या पाहिजेत. ३० ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर स्त्रिया व बालकांविषयीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देता करता येते. परवानगीशिवाय कोणाच्या शरीराच्या खाजगी भागाचे छायाचित्र काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, आणि गुन्हेगार पसरवणारा असतो. हे मुलींइतकेच त्यांच्या वडिलांना सांगणे जरूर आहे. पालकांच्या बैठकीविना घेतलेला वर्ग अर्धाच राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. नियमांची यादी शिळी होते. ‘ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसले की संकेतस्थळ सुरक्षित’ असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. कुलपाचा खरा अर्थ एवढाच होता की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. समोर बसलेला प्रामाणिक आहे, असे ते कधीच सांगत नव्हते. फसवी संकेतस्थळेही कुलूप लावून बसली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्हच बदलले. यूपीआयच्या बाबतीतही तेच. समोरच्याने पाठवलेली ‘पैसे मागण्याची’ विनंती स्वीकारून लोक फसत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्या नियमाचे पाठांतर केलेल्या मुलाजवळ आता काय उरले? ज्याला ‘पिन टाकणे म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाण्यास संमती देणे, पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही’ ही रीत समजली, तो नव्या सोंगालाही ओळखू शकतो.

पासवर्डच्या धड्यात तर भाषाशिक्षकाला बोलणे भागच आहे. मराठीत ‘परवलीचा शब्द’ हा जुना, अर्थपूर्ण शब्द आहे. छावणीतला परवलीचा शब्द सगळ्या शिपायांना ठाऊक असे, म्हणून तो वरचेवर बदलावा लागे. आपल्या खात्याचा शब्द एकट्यालाच ठाऊक असतो. मग तो उगाच दर महिन्याला का बदलावा? अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, २०१७ मध्ये हेच सांगितले : ठरावीक मुदतीने बदलण्याची आणि चिन्हे-अंक कोंबण्याची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, चोरीचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदला. आमचे पाहुणे व्याख्याते अजूनही दरमहा बदलण्याचाच आग्रह धरतात. परिणामी मुले नावापुढे महिन्याचा आकडा लावतात.

याऐवजी आम्ही फासे आणले. एक फासा पाच वेळा टाकला तर ७,७७६ निकाल संभवतात. तेवढ्या शब्दांच्या यादीतून चार शब्द निघाले तर जुळण्या सुमारे ३,६५६ लाख कोटी होतात. नुसत्या आठ लहान रोमन अक्षरांच्या जुळण्या सुमारे २०,८८३ कोटी, म्हणजे सतरा हजार पटींहून कमी. हा गुणाकार मुलांनी स्वतः केला. आमच्या विभागातील एका स्नेह्यांनी सुचवले, त्याऐवजी एखादा आवडता मिसरा किंवा ओवी घ्यावी. सूचना मोहक असली तरी घातक आहे. जे सर्वांना पाठ आहे ते फोडणाऱ्याच्या यादीतही असणार. (संकेत फोडण्याचा विषय निघाला की आपल्या सभांत नवव्या शतकातील अल-किंदीचे नाव घेतले जाते आणि टाळ्या पडतात. अक्षरांची वारंवारता मोजून गुप्तलेख उलगडण्याची त्याची रीत मुलांकडून एकदा करवून घेतली, तर त्या टाळ्यांना अर्थ येईल.)

राहिला ‘शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की निरोप बनावट समजा’ हा नियम. आम्हा भाषाशिक्षकांना तो फार प्रिय होता. आता यंत्रे निर्दोष मराठी लिहितात. उलट बँकांचे खरे निरोप अनेकदा अशा भाषांतरित मराठीत येतात की परीक्षेत त्यांना गुण देता येणार नाहीत. शिवाय ज्याचे स्वतःचे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे आहे, तो ही चाचणी लावणार कशी?

मागील वर्षीच्या चाचणीत आम्ही एक स्वच्छ मराठीतील निरोप छापला : वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तुटेल, सोबतच्या क्रमांकावर बोला. खरा की खोटा, हे विचारले नाही. घाई कोणाची आहे आणि खातरजमा दुसऱ्या कोणत्या वाटेने कराल, एवढेच विचारले. बहुतेकांनी जुन्या बिलावर छापलेला क्रमांक लिहिला, काहींनी १९३०. एका मुलाने लिहिले, “बिल घरमालकाकडे असते, म्हणून आधी वर जाऊन विचारीन.” त्याला पूर्ण गुण दिले.