‘वाईट नाही’ हे सिद्ध कसं करायचं? टाटाच्या सिस्प्लॅटिन ट्रायलबद्दल

मुलाखतीत "एखादा पेपर क्रिटिकली सांगा" म्हटलं की बरेच जण अॅब्स्ट्रॅक्ट पाठ म्हणून दाखवतात. म्हणून आज आपल्या भागाशी थेट संबंध असलेला एक पेपर घेऊ. टाटा मेमोरियलमधल्या वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांचा, २०१८ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आलेला.

तोंडाचा-घशाचा कॅन्सर पुढे गेलेला असला की रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन देतात. हे औषध पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि रेडिएशनने झालेली मोडतोड पेशीला नीट दुरुस्त करू देत नाही. पुस्तकी डोस म्हणजे दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. तो किडनीला आणि कानाला जड जातो, सलाईन भरपूर लागतं, अनेकदा अॅडमिट व्हावं लागतं. म्हणून आपल्याकडे दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमची रीत पडली. सोयीने पडली, पुराव्याने नाही.

आणि सोय लहान नाही. नांदेड-लातूरचा पेशंट सहा-सात आठवडे रोजच्या रेडिएशनसाठी बार्शीला, संभाजीनगरला, नाहीतर नंदीग्राम पकडून मुंबईला राहतो. सोबत कामधंदा सोडून आलेला घरातला एक माणूस. अॅडमिशन टळणार असेल तर कोण नको म्हणेल?

ट्रायलमध्ये ३०० पेशंट होते. दावा असा तपासायचा होता की, साप्ताहिक पद्धत दोन वर्षांच्या स्थानिक नियंत्रणात १० टक्क्यांहून जास्त मागे पडत नाही. याला नॉन-इन्फिरिऑरिटी म्हणतात. इथे शून्य परिकल्पनाच उलटी असते, म्हणजे "फरक सिद्ध झाला नाही, म्हणून दोन्ही सारखे" हे वाक्य चालत नाही. आकडे आले ५८.५ विरुद्ध ७३.१ टक्के. फरक १४.६, आणि त्याचा ९५ टक्के अंतराल ५.७ ते २३.५. साप्ताहिक पद्धत नापास. पण नीट बघा: ५.७ हे १० च्या आतलं आहे. खरा फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा लहान असण्याची शक्यता डेटा पूर्ण बाद करत नाही. तो शून्य असल्याची शक्यता मात्र जवळपास बाद करतो.

मला खटकते ती १० ची मर्यादा. रेडिएशनसोबत किमो दिल्याने पाच वर्षांच्या जगण्यात मिळणारा फायदाच, मोठ्या मेटा-अॅनॅलिसिसनुसार, ६.५ टक्क्यांच्या आसपास आहे. माप वेगळं आहे, मान्य. तरी मर्यादा सैल वाटते. गंमत म्हणजे एवढी सैल असूनही साप्ताहिक पद्धत तिच्यात बसली नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. इथे वेळापत्रक आणि एकूण डोस, दोन्ही एकदम बदलले. ३० प्रमाणे सहा-सात वेळा म्हणजे १८०-२१०, आणि १०० प्रमाणे तीनदा म्हणजे ३००. मग हरलं कोण, ‘दर आठवड्याला’ की ‘३०’? जपानच्या जेसीओजी १००८ ट्रायलने (२०२२) ऑपरेशननंतरच्या जास्त धोक्याच्या पेशंटना दर आठवड्याला ४० दिले. तीन वर्षांचं जगणं ७१.६ विरुद्ध ५९.१ टक्के, साप्ताहिक पद्धत पास. म्हणजे बोट ३० कडे जातं. पण जपाड्यांनी मोजलं जगणं आणि टाटाने मोजलं स्थानिक नियंत्रण, त्यामुळे दोन ट्रायल थेट शेजारी ठेवून निकाल लावू नका. टाटाच्या ट्रायलमध्ये एकूण जगण्यातला फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झालाच नव्हता.

टाटाचेही ९३ टक्के पेशंट ऑपरेशन झालेले होते. ज्यांचं ऑपरेशन होऊच शकत नाही त्यांच्याबद्दल हा पेपर फार थोडं बोलतो, आणि "अॅडव्हान्स्ड कॅन्सर" हे शीर्षक वाचून आपण तेच गृहीत धरतो.

गंभीर तात्कालिक त्रास साप्ताहिक गटात ७१.६ टक्के, दुसऱ्यात ८४.६. (७१.६ दोनदा आलाय तो योगायोग, नोट्समध्ये घोळ करू नका.) म्हणजे ‘सौम्य’ पद्धतीतही दहातल्या सात जणांना जबर त्रास झाला. आणि ज्या सोयीसाठी ही रीत पडली, ते अॅडमिशनचे दिवस, प्रवास, बुडालेली मजुरी, यातलं काहीच ट्रायलच्या मुख्य मापात नाही. प्रपोजलसाठी विषय शोधत असाल तर इथे जागा रिकामी आहे.